सालोमीच्या हातचा विटाळ

प्रिय वाचकहो, जी हकीकत मी येथे निवेदन करण्यास प्रवृत्त झालो आहे, ती माझ्या स्वतःच्या घरातील असून तिच्यात माझ्या एका पातकाचा समावेश आहे. ते पातक कोणते, हे मी आरंभी सांगत नाही. कारण त्या दिवशीदेखील मी ते आरंभी सांगितले नव्हते. जसे घडले, त्याच क्रमाने लिहीत आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झालेले आहे, तरी भाषेतील उणेअधिक आपण पदरात घ्यावे.

बुधवारची दुपार होती. मार्च महिन्यातील ऊन अंगणात उभे होते. घरात आमची सात महिन्यांची कन्या रिबका झोळीत पडून रडत होती, आणि अंगणाच्या टोकाला, सरपण रचण्याच्या छपराखाली, तिची जन्मदात्री, माझी पत्नी सालोमी गुडघ्यांत मान घालून बसली होती. दोघींच्या मध्ये पंधरा पावलांचे अंतर होते. सोमवारपासून ते अंतर कोणी ओलांडले नव्हते.

सालोमीच्या चोळीवर दोन्ही बाजूंना ओले डाग पसरले होते. रिबका रडली की ते डाग वाढत. लेकराचे रडणे ऐकताच आईचे दूध आपोआप वाहते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. ते वाहून तिच्या लुगड्यात मुरत होते, आणि माझी आई झोळीजवळ बसून पाणी घातलेले शेळीचे दूध चमच्याने लेकराच्या ओठांना लावत होती. लेकरू ते ओकून टाकीत होते.

“गमा,” आई मला म्हणाली, “हे पोटात टिकंना. तिला सांग की रं उठायला.”

मी छपराकडे गेलो. पाच पावले अलीकडेच थांबलो.

“सालोमी, ऊठ. लेकराला जवळ घे.”

“न्हाई. शनिवार होऊ द्या.”

“शनिवारपर्यंत ती राहील काय?”

तिने मान वर केली. तिचे ओठ फुटले होते. “माझ्या हातानं तर आजच जाईल,” ती म्हणाली. “तुमाला ठावं हाय.”

मी परत फिरलो.

आता पूर्वीचा वृत्तांत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रवरेच्या काठी आमचे सोनखडी हे गाव. तेथील ख्रिस्ती मंडळीचा मी सेवक होतो. घंटा वाजवणे, सतरंज्या अंथरणे, आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी शास्त्रपाठ वाचणे, ही माझी कामे. पाळकसाहेबांकडे सात गावे असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच येत, व त्याच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ सर्वांनी एका भाकरीचा तुकडा घेण्याचा विधी, होई. आमच्याकडे प्रभुभोजनाला विकतचा पाव आणण्याची चाल नव्हती. गव्हाच्या पिठाची, मीठ नाही, खमीर नाही, अशी जाड पोळी सेवकाच्या घरी शनिवारी भाजली जाई. आधी ती माझी आई भाजत असे, लग्नानंतर सालोमी भाजू लागली. तो मान तिला फार प्रिय होता. पीठ मळताना ती कोणाशी बोलत नसे.

त्या शनिवारी पीठ मळून झाल्यावर ती रजस्वला झाली. बाळंतपणानंतर ती पहिलीच वेळ असल्यामुळे तिला आगाऊ काही समजले नाही. तरीही पोळी भाजली गेली, रविवारी मेजावर मांडली गेली, आणि सर्व मंडळीने घेतली. रविवारी सायंकाळी रिबकाला जुलाब लागले. सोमवारी ताप चढला. सोमवारी दुपारी सालोमी छपराखाली जाऊन बसली.

मंगळवारी मी आणि आई लेकराला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तेथील नर्सबाईंनी औषध दिले आणि म्हणाल्या, “वरचं काही देऊ नका. अंगावरचं दूध तेवढं तासातासाला पाजा. आई कुठंय हिची?” मी सांगितले, की ती आजारी आहे. नर्सबाई म्हणाल्या, “आजारी असली तरी पाजू द्या. ह्या पोरीकडं दिवस नाहीत फार.”

ते शब्द मी घरी येऊन सालोमीला जसेच्या तसे सांगितले. ती ऐकून घेऊन पुन्हा मान खाली घालून बसली.

तर त्या बुधवारी मी छपरापासून परत आलो, तेव्हा आईने चमचा वाटीत टाकला. “तुझ्यानं व्हायचं न्हाई,” ती म्हणाली. “बाईमाणसाचं दुखणं बाईमाणसालाच कळतं. मी शेवंताबाईला घिऊन येते. तू पोरीजवळ बस.”

शेवंताबाई ओहोळ आमच्या मंडळीतील बायबलबाई. वय साठीच्या पुढे, अंगाने काडी. विधवा झाल्यावर चाळिसाव्या वर्षी त्या वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवीत. घटकाभरात त्या आल्या; आणि त्यांच्यामागून, कोणी बोलावलेले नसताना, शेजारच्या मग्दाली संसारेही आल्या. मग्दालीबाई म्हणजे आवाज आधी आणि माणूस मागून.

“सलाम, गमलिएलभाऊ,” मग्दालीबाई म्हणाल्या. “सेवकाची बायको सरपणात बसलीय आन सेवक उंबऱ्यात उभा. बरी सेवा चाललीय.”

“मग्दाले, तोंड आवर,” शेवंताबाई म्हणाल्या, आणि कोणाकडे न पाहता सरळ छपराकडे गेल्या.

“बाई, जवळ येऊ नका!” सालोमी मागे सरकली. “मला शिवू नका.”

शेवंताबाई तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. “शिवले. आता काय होईल?”

“आता तुमी सांजंपस्तोर बाटल्या.”

मग्दालीबाई हसल्या, पण शेवंताबाई हसल्या नाहीत.  सालोमीचा हात तसाच धरून त्यांनी हळू आवाजात विचारले, “आणि तू? तू किती दिस?”

“सात. शनिवारी सात भरत्यात.”

“सात कुणी सांगितले?”

सालोमीने नजर जमिनीकडे वळवली.

“पोरी, मी ह्याच गावात म्हातारी झाले,” शेवंताबाई म्हणाल्या. “गावातल्या बाया कावळा शिवला की चार दिस बाजूला बसतात. पाचव्या दिवशी न्हातात. सात दिस कुणी बसत न्हाई. आणि शिवणारा सांजेपर्यंत बाटतो, हे तर गावात कुणाला ठाऊकसुद्धा न्हाई. ती गणती गावची न्हाई. मोशेच्या नियमशास्त्रातली हाय ती. लेवीयाच्या पुस्तकात.”

“व्हय,” सालोमी म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली. “त्यात लिवलंय. देवाचा मंडप बाटवला, तर ती मानसं त्यांच्या विटाळात मरत्यात. मी प्रभूच्या मेजावरची पोळी केली, बाई. विटाळशी असताना केली. मला ठावं होतं. समद्या मंडळीच्या तोंडात माझा विटाळ गेला. देवानं माझी रिबका मागितलीय. मी तिला हात लावला तर ती लगेच जाईल. न्हाई लावला, तर शनिवारपस्तोर... शनिवारी मी शुद्ध झाले की देवाच्या पाया पडंन. त्याला म्हणंन, मला घे.”

वाचकहो, ती हे ओरडून बोलली असती तर बरे झाले असते. बाजारातून काय आणायचे ते सांगावे, तशा आवाजात ती बोलली.

मग्दालीबाईंचे हसू मावळले होते. त्या एकदम माझ्या आईकडे वळल्या. “राहीबाई, हे तुमचंच काम! जुनं खूळ. सुनेला बाहेर बसवलं व्हय?”

माझी आई झोळीपाशी उभी होती. तिचे तोंड पांढरे पडले. “मी? अगं, माझ्या सासूनं मला लग्नाच्या पयल्या महिन्यात सांगितलं, आपल्यात बाजूला बसायचं न्हाई. आपन बाप्तिस्मा घेतला तवाच ते नदीत सोडलं. तिनं मला त्याच दिसात चुलीपुढं बसवून भाकरी थापायला लावल्या आन पयली भाकर सोता खाल्ली. मी ह्या पोरीला कशाला बसवू?”

“मग हिच्या कानात घातलं कुणी? आभाळातनं पडलं?”

“मला काय ठावं? मला वाचाया येतं व्हय?”

“तुमाला न्हाई येत, आन हिलाबी न्हाई...” असे म्हणता म्हणता मग्दालीबाई थांबल्या.

शेवंताबाईंनी मात्र वळून पाहिले नाही. त्या सालोमीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि सालोमी जमिनीकडे पाहत होती. तिने डोळे वर केले असते, तर ते माझ्याकडे वळले असते. म्हणून तिने ते वर केले नाहीत. तीन दिवस अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, अंगातले दूध मातीत चाललेले. अशा स्थितीत ती माझी अब्रू झाकून बसली होती. आणि मी उंबऱ्यावर उभा राहून, माझ्या वृद्ध मातेवर आलेला आळ तिच्याच माथी राहू देत होतो. 

इतक्यात रिबकाचे रडणे थांबले.

तीन दिवस ते रडणे बंद व्हावे म्हणून मी प्रार्थना केली होती. ते बंद झाले, तेव्हा ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून मी कान लावला. आईने झोळीत वाकून पाहिले आणि किंकाळी फोडली, “गमा! हिचं डोळं वर चाललं रं!”

छपराखालून सालोमी उठली. दोन पावले धावली, आणि जणू कोणी मागून पदर ओढावा तशी थबकली. दोन्ही हात तिने पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. तोंडाने ती “रिबा, रिबा” म्हणत होती आणि पाऊल पुढे पडत नव्हते. तसे दृश्य परमेश्वराने कोणा नवऱ्याला दाखवू नये.

तेव्हा मी बोललो.

“मी वाचून दाखवले,” मी म्हणालो. “लेवीय मी वाचून दाखवले. सोमवारी. लेकराला ताप चढला तेव्हा.”

शेवंताबाईंनी आता वळून माझ्याकडे पाहिले.

“आणि शनिवारी तिने मला सांगितले होते. पीठ मळून झाल्यावर तिने हात धुतले आणि मला म्हणाली, ‘मला अडचण आली, पोळी आत्याबाईंना भाजू द्या.’ आई त्या वेळी परगावी गेलेली होती. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. मीच म्हणालो, की भाज, काही होत नाही, कोणाला सांगू नकोस. मेजावर पोळी नसती तर माझी शोभा झाली असती. मीच तिच्याकडून भाजून घेतली. मग लेकरू आजारी पडले आणि मी भ्यालो. पुस्तक काढले. शोधून शोधून तो अध्याय काढला. तिला म्हणालो, ‘पाहा, तुझ्या हाताने काय केलेस. आता लेकराला शिवू नकोस.’”

माझ्या आईने लेकरू उचलून छातीशी धरले होते. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला शिवी दिली नाही.

मी आत वळत म्हणालो, “पुस्तक आणतो. बाई, तुम्ही तिला वाचून...”

“राहू दे पुस्तक,” शेवंताबाई म्हणाल्या. “तू पुष्कळ वाचलंस. मला पाठ हाय.”

त्या सालोमीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या पाच फूटही उंच नव्हत्या. त्यांना मान वर करावी लागत होती. त्या घाईघाईने बोलू लागल्या.

“ऐक. बारा वर्सं एका बाईचं रक्त थांबत न्हवतं. तुझं चार दिसांचं, तिचं बारा वर्सांचं. तिला तोच कायदा लागू होता, जो ह्यानं तुला वाचून दाखवला. ती गर्दीत शिरली. किती जणांना बाटवीत गेली असंल बघ! आणि मागून जाऊन तिनं प्रभूच्या वस्त्राला हात लावला. मग काय झालं? कायद्यानं तो बाटायला पायजे. बाटला?”

सालोमी झोळीच्या दिशेने पाहत होती. “मला ठावं न्हाई,” ती म्हणाली.

“त्याच्या अंगचं तिच्या अंगात गेलं! तिचं त्याच्या अंगात गेलं न्हाई. विटाळ चढला न्हाई, बरेपण उतरलं. आणि ती कापत पुढं आली, तेव्हा तो म्हणाला न्हाई, का गं बाई, मला बाटवलंस. समद्यांपुढं तो तिला ‘मुली’ म्हणाला. दुसऱ्या कुठल्या बाईला त्यानं तसं म्हटल्याचं मी वाचलं न्हाई. त्या बाईलाच म्हणाला. आणि तुझ्या हाताच्या पोळीला तो भ्याला म्हणतेस?”

“ती दुखणाईत होती. मी जाणून केलं.”

“तीबी जाणूनच आली होती.”

“मग माझी रिबका का चाललीय?” आता सालोमीचा आवाज फुटला. “सांगा की! पाप न्हाई, शिक्षा न्हाई, तर का चाललीय?”

शेवंताबाईंनी क्षणभर डोळे मिटले. “मला ठाऊक न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझी तीन लेकरं गेली. तिघांच्या वेळी मी बसून पापं मोजली. एक सापडायचं, मग दुसरं सापडायचं. मला खोटं सांगवत न्हाई तुला, की ती वाचेल. एवढं सांगते, की ती तुझ्या हातानं मरत न्हाई. ती उपाशी मरतीय. आणि तुझी चोळी भिजलीय.”

सालोमीने तेव्हा प्रथमच माझ्याकडे पाहिले.

“तुमी ती पोळी खाल्ली?”

“होय.”

“ठावं असताना?”

“होय.”

“समद्यांनी खाल्ली?”

“मी तर दोन तुकडं खाल्लं,” मग्दालीबाई एकाएकी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, तरी आवाज तोच होता. “पाळकसाहेबांनी तुकडा लहान दिला, म्हणून ताटातला अजून एक उचलला. देवाला दिसलं असंल. बघ माझ्याकडं, म्हशीवानी हाय.”

सालोमी माझ्यावरून नजर न काढता म्हणाली, “मग तुमाला काई का झालं न्हाई?”

वाचकहो, त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. मंडळीत जे माणूस वाचू शकते, त्याच्याकडे उत्तर असते, अशी माझी समजूत होती. मी पाच पाच अध्याय रोज वाचीत असे आणि त्याचा मला गर्व होता. मी मान हलवली, आणि उंबऱ्यावर बसलो.

“काईच का झालं न्हाई?” तिने पुन्हा विचारले, पण या वेळी तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. पाठीमागे धरलेले तिचे हात सुटले होते. ते हात तिने डोळ्यांपुढे आणून पाहिले. मग ती चालू लागली. ते अंतर तिने कसे ओलांडले ते मला सांगता येत नाही. मी डोळे झाकले होते. ती माझ्या अंगाला घासून आत गेली, तेव्हा मला दुधाचा आंबूस वास आला.

मी डोळे उघडले, तेव्हा रिबका तिच्या मांडीवर होती आणि तोंड उघडत नव्हती. ओठ निळसर पडले होते. सालोमीने तिला जवळ धरले तरी मान मागे कलंडत होती.

“वडत न्हाई,” सालोमी म्हणाली. “बाई, वडत न्हाई! मी उशीर केला.”

“पिळ,” शेवंताबाई म्हणाल्या. “थेंब पडू दे ओठावर. राहीबाई, मान धर. मग्दाले, गाल चोळ तिचे.”

चार बायका एका लेकरावर वाकल्या. मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. थेंब पडत होते आणि हनुवटीवरून ओघळून जात होते. कोणी मोठ्याने प्रार्थना केली नाही. मग्दालीबाईसुद्धा एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर एक कोंबडी सरपणात पाय घाशीत होती, तेवढाच आवाज. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. घंटा वाजवणारा माणूस मी, पण त्या दुपारची वेळ मला कधीच कळली नाही.

मग एक घोट गिळल्याचा आवाज आला. फार लहान. सालोमीने श्वास रोखला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी लेकराने स्वतःहून तोंड लावले, आणि सालोमी वेदनेने “आई गं” म्हणून ओरडली. कारण तीन दिवसांच्या दुधाने तिची छाती दगडासारखी झाली होती. ती रडत होती आणि पाजत होती. माझी आई भिंतीला डोके टेकून खाली बसली.

शेवंताबाई बाहेर आल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या. मला वाटले, त्या मला क्षमेविषयी काही सांगतील.

“तुझ्या आईच्या पाया पड आधी,” त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

रिबका वाचली. पुरती सावरायला तिला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत सालोमी माझ्याशी कामापुरतेच बोलली. बाराव्या दिवशी दुपारी लेकराला कडेवर घेऊन ती निघाली. मी विचारले, कोठे? ती म्हणाली, “शेवंताबाईंकडं. पाटी घेतलीय.” दीड वर्ष ती रोज गेली. ऊन असो वा चिखल असो, तिने खाडा केला नाही. ज्या दिवशी तिला सलग वाचता येऊ लागले, त्या दिवशी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला मी पुस्तक उघडले, तेव्हा तिने हात पुढे केला.

“आजपास्नं घरात मी वाचंन,” ती म्हणाली. “तुमी ऐका.”

या गोष्टीला आज तेवीस वर्षे झाली. आमच्या घरात शास्त्र तीच वाचते. क्रमाने वाचते, काही गाळत नाही. लेवीयही वाचते. तो अध्याय आला की तिचा आवाज थोडा मंद होतो. ती माझ्याकडे पाहत नाही. शेवटचे वचन संपेपर्यंत वाचते, आणि मग, दिवसाचा पाठ तेथे संपत असला तरीही, पाने उलटून त्या बारा वर्षांच्या दुखणाईत बाईची गोष्ट काढते, आणि तीही शेवटपर्यंत वाचून मगच पुस्तक मिटते.

हे सर्व लिहिण्यास तिची अनुमती मी घेतली आहे. आपण आपला मोलाचा वेळ खर्चून एका अल्पशिक्षित माणसाचे हे लिखाण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
गमलिएल कारभारी अमोलिक
सोनखडी